हुआवेची 'शुद्ध रक्ताची' ओएस आणि बातमी देणारा पेपर कुणाचा

रानजाई (धागाकर्ती)

रविवारी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींनी एक बातमी टाकली. हुआवे या चिनी कंपनीने अँड्रॉइडशी काडीमोड घेऊन स्वतःची ओएस (फोन चालवणारी मूळ प्रणाली) कशी उभी केली, याचं बऱ्यापैकी कौतुक. बातमी हाँगकाँगच्या साउथ चायना मॉर्निंग पोस्टची. पोहे होईपर्यंत आतेभावाचं उत्तर हजर, 'हा पेपर अलीबाबाचा आहे. चिन्यांनी चिन्यांची आरती ओवाळली, त्यात काय वाचायचं?' भाऊजी गप्प. ग्रुपवर पुन्हा शुभ सकाळचे गुलाब सुरू.

माझं डोकं मात्र तिथेच अडकलं. पेपर अलीबाबा या चिनी ई-कॉमर्स कंपनीचा आहे हे खरंच. पण तेवढ्यावरून बातमी खोटी कशी ठरते? आणि खोटी नसेल तर कितपत खरी धरायची? दोन दिवस वाचत बसले, हाती आलं ते मांडते. चुकलं तर कान धरा.

आधी ओएसची कथा. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने हुआवेला आपल्या 'एन्टिटी लिस्ट'मध्ये टाकलं. म्हणजे परवान्याशिवाय अमेरिकी कंपन्यांनी तिला तंत्रज्ञान द्यायचं नाही. गूगलने हात काढून घेतला. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, तो कुणी हिसकावू शकत नव्हतं. पण नव्या फोनवरून प्ले स्टोअर, जीमेल, नकाशे, यूट्यूब गेलं. चीनमध्ये त्याने काही अडलं नाही, तिथे गूगल आधीपासूनच बंद. युरोपातला धंदा मात्र बसला. ९ ऑगस्ट २०१९ ला डोंगग्वानमधल्या डेव्हलपर परिषदेत हुआवेचे रिचर्ड यू यांनी हार्मनीओएस जाहीर केली. चिनी नाव होंगमेंग. पहिलं उपकरण फोन नव्हताच, हुआवेच्याच तेव्हाच्या ऑनर ब्रँडचा टीव्ही होता. फोनवर ती आली जून २०२१ मध्ये. आणि अँड्रॉइडची ॲप थेट न चालवणारी आवृत्ती, हार्मनीओएस नेक्स्ट, २२ ऑक्टोबर २०२४ ला. तिला चीनमध्ये 'शुद्ध रक्ताची होंगमेंग' म्हणतात. म्हणजे आधीची भेसळीची होती हे त्यांनीच सांगून टाकलं की!

आता पेपर. पोस्ट १९०३ सालचा. मधल्या काळात रुपर्ट मर्डॉककडे होता, १९९३ मध्ये मलेशियाचे साखरसम्राट रॉबर्ट क्वोक यांच्याकडे गेला. डिसेंबर २०१५ मध्ये अलीबाबाने २०६ कोटी हाँगकाँग डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हा अलीबाबाचे जोसेफ त्साय यांनी वाचकांना पत्र लिहून सांगितलं होतं की पाश्चात्त्य माध्यमं चीनकडे एकाच चष्म्यातून बघतात. थोडक्यात, आमचा चष्मा वेगळा असेल हे मालकाने दारातच सांगितलं.

आणि आता माझी अडचण. एप्रिल २०१८ मध्ये, बंदीच्या वर्षभर आधी, याच पेपराने छापलं होतं की २०१२ च्या अमेरिकी चौकशीनंतर हुआवेने स्वतःची ओएस बनवायला घेतली आहे. तेव्हा पेपर अलीबाबाकडेच होता. बातमी खरी निघाली. आतेभावाला हे सांगितलं तर म्हणतो, 'बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं.'

तुम्ही काय करता? मालकाचं नाव बघून पुढे जाता, की वाचता?


खलबत्ता

आतेभाऊ बरोबर आहे. संपादकाला पगार कोण देतं ते बघा, बाकी सगळं आपोआप कळतं. धागा इथेच संपवायला हरकत नाही. :)


शेंगाचटणी

खलबत्ता, तुम्हाला पगार कोण देतं ते आधी सांगा, मग तुमचा प्रतिसाद वाचायचा की नाही ते ठरवतो.


खलबत्ता

बायको.


भुईकोट

ओएसवर पोट आहे माझं (पुण्यात, एम्बेडेड), त्यामुळे तेवढ्यापुरतं लिहितो.

'हार्मनी म्हणजे अँड्रॉइडच' आणि 'हार्मनी पूर्ण स्वतंत्र' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांत. लोक वर्ष सांगत नाहीत आणि भांडतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत आर्स टेक्निका या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाच्या माणसाने हार्मनी २ चं डेव्हलपर किट मिळवून बघितलं. मिळवायला आधी ओळखपत्र देऊन दोन दिवस पडताळणीची वाट बघावी लागली. एमुलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) सुद्धा स्वतःच्या संगणकावर चालत नव्हता, चीनमधल्या दूरच्या उपकरणाचं चित्र फक्त पडद्यावर यायचं. तो उघडून सेटिंगांत शिरला तर आत अँड्रॉइड १० बसलेलं. काही ठिकाणी 'अँड्रॉइड' खोडून 'हार्मनी' लिहिलेलं, काही ठिकाणी खोडायचं राहून गेलेलं. आपल्याकडे जुन्या एसटीला नवा रंग देतात आणि मागच्या बाजूला जुन्या आगाराचं नाव राहतं, तसं. त्याच सुमारास हुआवेचे सॉफ्टवेअर प्रमुख वांग चेंगलू सांगत होते की ही अँड्रॉइडची नक्कल नाही.

२०२४ ची नेक्स्ट मात्र खरोखर वेगळी आहे. लिनक्स कर्नल (अँड्रॉइडच्या पोटातला गाभा) काढून स्वतःचं मायक्रोकर्नल बसवलंय. ॲप आर्कटीएस भाषेत नव्याने लिहावी लागतात, एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, थेट टाकली तर घेत नाही.

मायक्रोकर्नल म्हणजे काय ते ज्यांना हवं त्यांच्यासाठी: लिनक्स हे एकत्र कुटुंब. स्वयंपाक, हिशेब, दारावरचा पहारा सगळं एकाच छताखाली, पटापट होतं, पण चुलीला आग लागली की अख्खं घर जळतं. मायक्रोकर्नल म्हणजे चाळ. मालकाकडे फक्त जिना आणि पाण्याचा नळ. बाकी ज्याची त्याची खोली, ज्याचं त्याचं कुलूप. आग एका खोलीत राहते. तोटा असा की शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणायची तरी दार वाजवावं लागतं, त्यात वेळ जातो. या तोट्यावर हुआवेने काय केलं, त्याचा निबंध जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत ओएसडीआय या ओएस-संशोधनाच्या परिषदेत मांडला गेला. त्यात कबुली आहे की वेगासाठी काही खोल्यांमधल्या भिंती त्यांनी परत पाडल्या. ओएसडीआयचे परीक्षक कुणाचे पाहुणे लागत नाहीत, त्यामुळे मी पेपरांऐवजी तो निबंध वाचतो.


मोरपीस

भुईकोट, चाळीचं उदाहरण भारी. गिरगावात वाढलेय, दार वाजवायला वेळ जायचा नाही हो, साखर मागायला गेलं की तासभर गप्पा व्हायच्या. तोच तो 'ओव्हरहेड' असावा.


आडवातिडवा

एवढं कौतुक कशाला? २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्या धोकादायक म्हणून अहवाल दिला. आपल्या सरकारने २०२१ च्या फाइव्ह-जी चाचण्यांत चिनी कंपन्यांना घेतलं नाही. त्यांची ओएस शुद्ध रक्ताची असो नाहीतर गोमूत्राने धुतलेली, माझ्या खिशात येणार नाही. आणि त्यांच्या पेपरात तिची स्तुती येणारच. विषय संपला.


रानजाई

आडवातिडवा, खिशात घ्या असं कोण म्हणतंय? तो फोन इथे मिळतही नाही. प्रश्न बातमीवर विश्वास ठेवण्याचा आहे, फोन घेण्याचा नाही.


पागोळी

मी हाँगकाँगला अकरा वर्षं आहे, पोस्ट रोज चाळते. थोडं मोठं लिहिते, चहा घेऊन बसा.

एक गैरसमज आधी काढते. 'अलीबाबाने घेतला आणि पेपर बिघडला' असं बाहेरचे लोक म्हणतात. इथले जुने वाचक म्हणतात की शंका त्याआधीपासूनच होती. जून २०१२ मध्ये चिनी कार्यकर्ते ली वांगयांग यांचा रुग्णालयात संशयास्पद मृत्यू झाला. बाकी पेपरांनी ती मोठी बातमी केली, पोस्टच्या छापील अंकात ती कापून छोटीशी करण्यात आली, त्यावरून पेपरातच भांडण झालं. तेव्हा मालक क्वोक होते. अलीबाबा आल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये कोठडीतल्या ग्वे मिनहाय या प्रकाशकाची 'मुलाखत' घ्यायला चिनी अधिकाऱ्यांनी बोलावलेल्यांत पोस्ट होता, त्यावर खूप टीका झाली. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या आंदोलनात त्यांचे वार्ताहर रस्त्यावर होते आणि रोजचं वार्तांकन मला तरी नेटकं वाटलं. अग्रलेख वाचताना कपाळाला आठ्या, बातम्या वाचताना नाही. माझं गणित असं झालंय: राजकारण असेल तर हात राखून, धंदा-तंत्रज्ञान असेल तर बऱ्यापैकी मोकळेपणाने.

आता खरी गंमत. आपण म्हणतोय अलीबाबा हुआवेची आरती ओवाळणार. पण का ओवाळेल? अलीबाबा क्लाउड आणि हुआवे क्लाउड चीनमध्ये एकमेकांच्या मुंडीवर बसलेले. उलट, नेक्स्टवर सुरुवातीला आपलं ॲप आणायचं जाहीर करणाऱ्यांत अलीबाबाचं डिंगटॉक (ऑफिसच्या कामाचं ॲप) आणि अलीबाबाशी संबंधित अँट ग्रुपचं अलीपे (पैसे देण्याचं ॲप) होतं. म्हणजे एका हाताने स्पर्धा, दुसऱ्याने भागीदारी. 'अलीबाबाचा पेपर म्हणजे हुआवेची स्तुती' हे सूत्र इथेच लंगडं होतं. मालक कोण एवढं कळून उपयोग नाही, त्या बातमीत मालकाचं काय अडकलंय ते बघायला हवं. आणि कधीकधी दोन्ही बाजूंनी अडकलेलं असतं.


भुईकोट

पागोळी, तुमच्या मुद्द्याला एक जुनी पुरवणी. अलीबाबाने स्वतःचीच फोनची ओएस काढली होती! आधी नाव अलीयुन ओएस, मग युनओएस. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर तिच्यावरचा फोन शांघायमध्ये आणणार होती, ऐनवेळी कार्यक्रम रद्द. गूगलच्या अँडी रुबिन यांचं म्हणणं होतं की ही अँड्रॉइडची न जुळणारी उपशाखा आहे आणि एसर आमच्या आघाडीची सदस्य असल्याने तिला हे करता येणार नाही. म्हणजे हुआवेला सरकारने अडवलं, अलीबाबाला गूगलच्या कराराने अडवलं.

याच प्रकारच्या अटींवरून युरोपने २०१८ मध्ये गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला आणि आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा.

तेव्हा 'पर्यायी ओएस' या विषयावर पोस्टचा मालक तिऱ्हाईत नाहीच. पोळलेला आहे. अशा माणसाची गूगलविरुद्धची बातमी मी दोनदा वाचेन.


खलबत्ता

हे माहीत नव्हतं. पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.


निवृत्त उपसंपादक

धागा आवडला. एका मराठी दैनिकात एकतीस वर्षं काढली. नाव सांगत नाही, पेन्शन नसली तरी मैत्र्या आहेत.

बाहेरच्यांची कल्पना अशी की मालक फोन करून सांगतो, ही बातमी दाब, ती फुगव. माझ्या एकतीस वर्षांत मालकांचा फोन मला एकदाही आला नाही. गरजच पडली नाही. त्यांच्या मेहुण्यांच्या साखर कारखान्याची थकबाकी ही बातमी आहे हे डेस्कवरच्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. ती यायची, पण आतल्या पानावर, एककॉलमी, 'कारखान्याकडून खुलासा' या शेवटच्या परिच्छेदासह. खोटं एक अक्षर नसायचं. शेजारच्या जिल्ह्यातला, दुसऱ्याचा कारखाना थकला की ती पहिल्या पानावर चारकॉलमी. दोन्ही बातम्या खऱ्या! वाचकाने प्रत्येक बातमी तपासली असती तरी त्याला काही सापडलं नसतं. सापडलं असतं ते दोन बातम्या शेजारी ठेवल्यावर.

म्हणून रानजाईताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मालकी बातमीच्या खरेपणात कमी आणि आकारात जास्त दिसते. काय छापलं यापेक्षा कितव्या पानावर, किती दिवस, आणि पाठपुरावा झाला का.

आपल्याकडे पक्षाच्या मुखपत्रांचं बरं असतं. सामना हातात घेताना कुणी फसत नाही. केसरी १८८१ मध्ये निघाला तेव्हाही तो कुणाच्या मताचा आहे यात गुपित नव्हतं. पंचाईत होते ती 'निःपक्ष' म्हणवणाऱ्यांची. सकाळ पवार कुटुंबाकडे आहे, लोकमत दर्डांकडे, हे माहीत असूनही माणूस बातमी वाचताना ते विसरतो, कारण पान तसं सांगत नाही.


शेंगाचटणी

काका, 'खोटं एक अक्षर नसायचं' वाचून अंगावर काटा आला.


गावठी

पर्यायी ओएस म्हणून तुम्ही चीनला कशाला जाता, आमच्या घरात होती. जिओफोन! २०१७ मध्ये दीड हजार अनामत भरून बाबांना घेतला (परभणी). त्यात अँड्रॉइड नव्हतं, कायओएस होती, फायरफॉक्स ओएसची नात. बाबांना ओएस म्हणजे काय ते आजही माहीत नाही, पण 'व्हॉट्सॲप का नाही' हे त्यांनी मला वर्षभर विचारलं. ते आलं तेव्हा २०१८ चा सप्टेंबर उजाडला होता. हुआवेचं पण वीचॅटवर, म्हणजे चीनच्या व्हॉट्सॲपवर, अडलं होतं ना?


भुईकोट

हो. नेक्स्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, वीचॅट तेव्हा अजून चाचणी आवृत्तीत होतं. चीनमध्ये वीचॅट नसलेला फोन म्हणजे नुसता आरसा. ओएस कुणीही लिहील हो, कष्टाने. लोक ज्याच्यावाचून राहू शकत नाहीत ती दोन-तीन ॲप येतात का, यावर सगळं. सॅमसंगची टायझन (आपल्याकडे २०१५ मध्ये झेड१ आला होता, ५,७०० रुपयांना), ब्लॅकबेरी १०, विंडोज फोन, सगळे याच दारात मेले. हुआवेकडे चीनची बाजारपेठ आणि पाठीशी सरकार आहे, हे बाकीच्यांकडे नव्हतं.


मोरपीस

माझा लुमिया! पिवळा! अजून कपाटात आहे. कॅमेरा आजच्या फोनांना लाजवेल असा. बँकेचं ॲप बंद झालं त्या दिवशी रडले होते.

(अवांतराबद्दल क्षमस्व.)


गावठी

जिओफोनवरून मालकीचं पण आठवलं. मनीकंट्रोलवर रिलायन्सची बातमी वाचली की तळाला एक ओळ असते, नेटवर्क१८ चं नियंत्रण ज्या इंडिपेंडंट मीडिया ट्रस्टकडे आहे त्याची एकमेव लाभार्थी रिलायन्स इंडस्ट्रीज आहे. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, चला, निदान सांगतात तरी.


निवृत्त उपसंपादक

ती ओळ चांगलीच आहे. वॉशिंग्टन पोस्टही ॲमेझॉनच्या बातमीत लिहितो की पेपर जेफ बेझोस यांचा आहे. पण गावठी, ती ओळ रिलायन्सच्या बातमीखाली येते. रिलायन्सच्या स्पर्धकाच्या वाईट बातमीखाली येते का? जिओ जाहिरात देते त्या क्रिकेट सामन्याच्या बातमीखाली? आणि जी बातमी आलीच नाही तिच्याखाली ओळ कुठे लिहिणार?

कुणा एका समूहावर आरोप नाही हा. ही अडचण त्या ओळीचीच आहे.


आडवातिडवा

म्हणजे सगळेच विकलेले. मग पाश्चात्त्यांवर तरी का विश्वास ठेवायचा? आर्स टेक्निका पण अमेरिकनच ना?


पागोळी

आर्स काँडे नास्ट या अमेरिकी मासिक-समूहाचं आहे, २००८ पासून. पण भुईकोट यांनी सांगितलेल्या त्या बातमीचं बळ मालकात नाही, त्यात कुणीही तेच किट घेऊन तेच सेटिंग उघडून बघू शकत होतं यात आहे. हुआवेने 'ते चूक आहे' म्हणून कोड दाखवला असता तर वाद संपला असता.

याच्या उलटं उदाहरण ब्लूमबर्गचं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी छापलं की सुपरमायक्रोच्या सर्व्हर-बोर्डांत चीनने चिमुकली चिप घुसवली. ॲपल, ॲमेझॉन, सुपरमायक्रो तिघांनी साफ नाकारलं. ती चिप आजवर कुणी जगापुढे ठेवली नाही आणि ब्लूमबर्गने बातमी मागेही घेतली नाही. मालक मायकेल ब्लूमबर्ग, चीनच्या खिशातले नक्कीच नाहीत. आणि त्याच ब्लूमबर्गने २०२३ मध्ये हुआवेचा मेट ६० प्रो फोन फोडून बघायला कॅनडाच्या टेकइनसाइट्सला दिला, आत एसएमआयसी या चिनी चिप-कंपनीने बनवलेली ७ नॅनोमीटरची किरिन चिप निघाली. अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनमध्ये असतानाच हुआवेने तो फोन गुपचूप विकायला काढला होता. तेव्हा तमाम चिनी इंटरनेट ब्लूमबर्गचे दाखले देत होतं! आपल्या सोयीची बातमी असली की मालक कुणाला आठवत नाही, इथे पण आणि तिथे पण.


खलबत्ता

उरलेला अर्धा पण मागे घेतो. जेवायला जाऊ का?


रानजाई

जेवा. तोवर माझा एक प्रश्न. भाऊजींच्या बातमीत एक वाक्य होतं की चीनमध्ये हार्मनीने ॲपलच्या आयओएसला मागे टाकलं. हे खरं का? भुईकोट?


भुईकोट

आकडा खरा आहे. काउंटरपॉइंट या बाजार-संशोधन संस्थेचा, २०२४ ची पहिली तिमाही, चीनमध्ये हार्मनी १७ टक्के, आयओएस १६ टक्के. आता वर्ष आणि महिना बघा. जानेवारी ते मार्च २०२४. नेक्स्ट ग्राहकांना मिळाली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे त्या १७ टक्क्यांतले फोन अँड्रॉइडची ॲप चालवणाऱ्या जुन्या हार्मनीवरचे होते. 'हुआवेने अँड्रॉइड सोडलं' या मथळ्याखाली हा आकडा टाकला की वाचकाला वाटतं, अँड्रॉइडमुक्त ओएसने ॲपलला हरवलं. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून तिसरं खोटं वाचकाच्या डोक्यात तयार.

असंच दुसरं. नेक्स्टच्या कार्यक्रमात १०० कोटींहून जास्त उपकरणं सांगितली. त्यात घड्याळं, टीव्ही, फ्रिज सगळं धरलंय. १५ हजार ॲप सांगितली, त्यात 'इन्स्टॉल न करता चालणाऱ्या सेवा' पण मोजल्या आहेत. आणि नंतरच्या महिन्यात हुआवेचा मेट ७० फोन आला तेव्हा गिऱ्हाइकाला जुनी हार्मनी ४.३ घेण्याची मुभा होती. नवरी एवढी देखणी असती तर मागचं दार उघडं का ठेवलं असतं?


निवृत्त उपसंपादक

भुईकोट, 'दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून' हे माझ्या आधीच्या पोस्टचंच दुसरं टोक झालं. फरक इतकाच की यात मालकाचा हात असेलच असं नाही. रात्री अकराला पान सोडायचंय, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक समोर आहे, संशोधन संस्थेचा आकडा समोर आहे. जुळवलं, मथळा दिला, घरी गेलो. आळसाला मालक लागत नाही.


शेंगाचटणी

'स्वदेशी ओएस' ऐकलं की मला आपली भारओएस आठवते. जानेवारी २०२३, आयआयटी मद्रास, दोन केंद्रीय मंत्री फोन हातात घेऊन चाचणी करतायत. वाहिन्यांवर 'गूगलला टक्कर'. आणि आत? अँड्रॉइडचाच खुला कोड. गूगलची ॲप आधीपासून टाकलेली नाहीत एवढंच.

ती वाईट आहे असं म्हणत नाही. पण 'भारतीय अँड्रॉइड' म्हटलं असतं तर बातमी झाली असती का? तेव्हा आपण हुआवेला हसायचं की एकमेकांचे कान धरायचे?


मोरपीस

आपल्या आयआयटी मुंबईच्या पोरांची इंडस ओएस विसरलात. मराठीत टाइप करायला अगदी सोपी होती, मायक्रोमॅक्सच्या फोनवर यायची. तीही अँड्रॉइडवरच, पण त्यांनी कधी लपवलं नाही. पुढे फोनपेने कंपनी विकत घेतली आणि २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर आलं. मोठ्या वाहिन्यांवर त्यांना कुणी 'गूगलला टक्कर' म्हटलेलं मला आठवत नाही, कारण फोन हातात घ्यायला मंत्री नव्हते.


आडवातिडवा

भारओएसची बातमी मी त्या वेळी इथे अभिमानाने टाकली होती. कुणी शोधून काढायच्या आत स्वतःच सांगतो.


शेंगाचटणी

@आडवातिडवा, मनापासून टाळ्या. कुणी शोधत नव्हतं.


पागोळी

आज दुपारी ऑफिसात शेनझेनचा एक सहकारी आला होता, त्याच्याकडे नेक्स्टवाला फोन. मुद्दाम मागून घेतला. पडद्यावरची हालचाल लोण्यासारखी, हे मानायला हवं. वीचॅट, अलीपे सगळं आता नीट. मग मी म्हटलं, हाँगकाँगच्या बँकेचं ॲप दाखव, ते तर हार्मनीसाठी नाहीये. तो हसला आणि त्याने 'झुओयीतोंग' नावाचं एक ॲप उघडलं. त्याच्या पोटात अँड्रॉइडची ॲप चालतात. बँकेचं त्यातही रुसलं, पण नकाशाचं सुरू झालं.

त्याला विचारलं, हे शुद्ध रक्तात कसं बसतं? म्हणाला, वेगळ्या डब्यात आहे, रक्तात मिसळत नाही. कुठे वाचलंस, तर म्हणे वाचलं नाही, फोन घेताना दुकानदाराने हळूच सांगितलं.


भुईकोट

कंटेनर आहे तो. म्हणजे आपल्या चाळीतल्या एका खोलीत अख्खं एकत्र कुटुंब भाड्याने ठेवलंय.


रानजाई

पागोळीताईंचं वाचून भाऊजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, १७ टक्क्यांची गोष्ट कागदावर लिहूनही घेतली. मग ग्रुपवर टाकलं, नीट, आकड्यासकट, वर्षासकट. आतेभावाने दोन मिनिटांत विचारलं, 'हे कुठल्या पेपरात आलंय?'

त्याला या धाग्याची लिंक दिली आहे. येईलच इतक्यात, सांभाळून घ्या.